साडेबारा हजार किलोमीटर आणि खंडाळा

मुलीकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं आणि साताऱ्यात जो तो विचारू लागला, "किती लांब हो?" तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं! मी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली आणि मुंबई ते न्यूयॉर्क शिवणाचा दोरा ताणून दाखवला. "साडेबारा हजार किलोमीटर. आणि बघा, दोरा पार नॉर्वे-स्वीडनवरून जातो."

"एवढं वर कशाला? सरळ पश्चिमेला जावं की," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"काकू, गोलावर हीच सरळ वाट."

"गोलावर कसली आलीय सरळ वाट!" म्हणत त्या घरी गेल्या. विद्यार्थी परवडले.

विमान रात्री दीडचं. सातारा ते मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटर, पण आमची ही दुपारी दोनलाच गाडीत बसली. खंडाळ्याच्या घाटात तासभर एका टँकरची पाठ बघत काढला. टँकरवर 'हॉर्न ओके प्लीज' होतं. पण हॉर्न वाजवायचंही आमच्या मनात राहिलं नाही. विमानतळ यायला साडेसहा तास लागले.

विमानात मला मधली सीट. खिडकीवाला उडण्याआधीच झोपला, कडेला आमची ही. तिच्या मांडीवर भाकरवडीचा डबा. समोरच्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर चिमुकलं विमान. ताशी नऊशे किलोमीटर, बाहेर उणे 54 अंश, वगैरे. विमान कॅस्पियन समुद्राशी होतं. मी डुलकी काढली, भाकरवडी खाल्ली, हिला उठवून पाय मोकळे केले, एक अख्खा सिनेमा पाहिला. विमान कॅस्पियन समुद्राशीच. गुडघे मात्र केव्हाच अटलांटिक ओलांडून गेले होते.

सोळा तासांनी उतरलो तर भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे आठ. तारीख तीच, वारही तोच! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मुंबई-न्यूयॉर्क साडेसहा तास. सातारा-मुंबईइतकेच. मी हे हिला अत्यानंदाने सांगितलं. ती म्हणाली, "मग मला झोप का येतेय?" तीस वर्षांत वर्गात एकानेही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

परतताना पश्चिमेचे जोरदार वारे पाठीशी असतात, म्हणून दीडेक तास वाचला. पण जाताना दिलेले साडेनऊ तास घड्याळाने पुरते वसूल केले: सकाळी अकराला निघालो, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबईत.

घरी फोन केला. काकूंनीच उचलला, किल्ली त्यांच्याकडेच होती.

"पोचलात? मग आता काय, आलातच! कुकर लावते."

दुपारी तीन वाजता आम्ही खंडाळ्याच्या घाटात होतो. ड्रायव्हरच्या मोबाइलवर नकाशा आणि त्यावर चिमुकली गाडी. मी डुलकी काढली, उरलेली भाकरवडी खाल्ली आणि पुन्हा पाहिलं.

"कॅस्पियन?" हिने डोळे न उघडता विचारलं.