झेंडा बोनेटवर, गाडी फाटकात

स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, तरी नागपुरात अजून काही लोक लाल सिग्नलला थांबतात. रात्री अकरा वाजता, चौकात पोलीस नसताना थांबतात! मागचा बिचारा हॉर्न वाजवून दमतो, पण यांना आपण स्वतंत्र झालोय हे पटतच नाही. अशा मागे राहिलेल्या बांधवांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. मनावर घ्या.

सगळ्यात आधी राज्यघटना. पूर्ण वाचू नका, डोळे खराब होतात. कलम १९ चं पहिलं उपकलम तेवढं पाठ करा: बोलायचं, जमायचं, देशभर कुठंही हिंडायचं स्वातंत्र्य. त्याखाली ‘वाजवी निर्बंध’ वगैरे सुरू झालं की पान उलटा. कोणी मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१क नाकासमोर धरलंच, तर ते आणीबाणीत घुसवलंय असं ठणकावून सांगा. आहेच ते तेव्हाचं, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीतलं, त्यामुळे समोरचा गप्प होतो. २००२ मध्ये त्यात अकरावं कर्तव्य आलं, मुलांना शाळेत घालण्याचं. आधीची दहा आपण पाळून संपवली होती ना, म्हणून.

तंबाखू-सुपारीचा खर्रा संपला की पन्नी तिथंच सोडा. जमीन भारतमातेचीच आहे.

संक्रांतीला मांजा नायलॉनचाच घ्या. गळा दुसऱ्याचा असतो.

आता पार्किंग. ही विद्या शिकायची तर धंतोलीत या. गल्लोगल्ली दवाखाने, आणि प्रत्येक दवाखान्याला एक फाटक. गाडी फाटकातच लावायची, आडवी. परवाच्या १५ ऑगस्टला आईचा पाय दाखवायला ऑटोनं गेलो. पायाला प्लास्टर. फाटकात ही लांबलचक पांढरी गाडी, बोनेटवर तिरंगा अंथरलेला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. मालक समोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खात उभा. म्हटलं, भाऊ, गाडी जरा बाजूला घेता का, पेशंट आहे. तर म्हणतो, “पाच मिनटं थांबा नं काका. आज स्वातंत्र्यदिन आहे, आज बी टोकता का?”

तेव्हा वाचकहो, झेंडा आधी लावा, गाडी मग. झेंड्याच्या गाडीला कोणी हात लावत नाही, आणि टोकणारा आपोआप देशद्रोही ठरतो. ध्वजसंहितेत गाडीच्या बोनेटवर झेंडा पांघरायला मनाई आहे. गाडीवर तो फडकवायचा मानही राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्यांनाच. पण तर्रीवाल्या देशभक्ताला कसली आलीय संहिता!

याच गावात १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला इंग्रज सरकारची बंदी होती. मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या निघत आणि पकडल्या जात. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रं हातात घेतली. देशभरातून माणसं आली आणि आत जाऊन बसली, ऑगस्टमध्ये मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली तेव्हा कुठं ते थांबलं. कशासाठी? झेंडा हातात धरून एका रस्त्यानं चालता यावं म्हणून. चालता यावं! आणि आता त्याच झेंड्याच्या आडोशानं रस्ता अडवून हा माणूस तर्रीत लिंबू पिळतोय, अन् माझी म्हातारी आई माझ्या गळ्यात हात टाकून, एका पायावर, भर पावसात चिखलातून पायरीपर्यंत लंगडत जातेय. आजचं काय विचारता, तेव्हापासून माझं डोकं थंड झालेलं नाही.

असो. सल्ले राहिलेच. झेंड्याच्या बाइक रॅलीत सायलेन्सर काढून टाका. दवाखान्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असतो, तिथं आवाज छान घुमतो. आणि मतदानाच्या सुटीला थेट पेंचचं जंगल गाठा. लोकसभेला १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं, म्हणजे उरलेल्यांना ही युक्ती आधीच ठाऊक आहे. परत आल्यावर खड्ड्यांचे फोटो ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘या देशाचं काही होणार नाही.’

नाही जमत आता हे गोड बोलणं. इंग्रज गेले. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं की यापुढे काही बिघडलं तर इंग्रजांना दोष द्यायची सोय राहिली नाही, दोष आपलाच. त्या फाटकापासून दीक्षाभूमी लांब नाही. दरवर्षी तिथं जाता, पाया पडता, फोटो काढता, आणि येताना राँग साइडनं येता!

त्या फाटकात गाडी लावणारा आपलाच होता. ठेल्यावर उभे राहून बघणारेही आपलेच. एवढे बाप्ये जमले होते, पण ‘काढ बे गाडी’ म्हणायला एकाची जीभ उचलली नाही. झेंडा दिसला की तोंड शिवलं जातं का तुमचं? म्हातारी बाई दिसत नाही? पुढच्या वेळी असा कोणी दिसला तर बोला. आणि तो तुम्हीच असाल, तर पोहे खाली ठेवा, चावी घ्या, आणि आधी गाडी काढा.