दुपारची झोप आणि ‘निम्म्यावर’ येणारा धोका

गेली काही वर्षे आरोग्यविषयक संदेशांतून आणि चित्रफितींतून एक दावा सातत्याने फिरतो आहे. त्याचा आशय असा : आठवड्यातून एकदोनदा दुपारी झोप घेतली की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका निम्म्यावर येतो; दुपारच्या झोपेने रक्तदाब गोळीइतकाच उतरतो; रात्रीची अपुरी झोप दुपारी भरून काढता येते; आणि हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी जेवणानंतरच्या वामकुक्षीची रीत घालून दिली. यातील जवळजवळ प्रत्येक विधानामागे कोठेतरी एखादी खरी गोष्ट आहे. त्यामुळे दावा थट्टेवारी नेण्यापेक्षा एकेक विधान घेऊन तपासणे बरे.

‘निम्म्यावर’ हा शब्द ज्या अभ्यासातून आला, तो २०१९ मध्ये ‘हार्ट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरातल्या ३५ ते ७५ वयोगटातील ३,४६२ रहिवाशांना आदल्या आठवड्यात दिवसा किती वेळा आणि किती वेळ झोपलात असे विचारण्यात आले आणि त्यानंतर सरासरी ५.३ वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. या काळात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होणे अशा एकूण १५५ घटना घडल्या. आठवड्यातून एकदोनदा झोपणाऱ्यांमध्ये, अजिबात न झोपणाऱ्यांच्या तुलनेत, अशा घटनांचा धोका ४८ टक्क्यांनी कमी आढळला. संदेशात सांगितली जाते ती गोष्ट इथेच संपते, पण शोधनिबंध इथे संपत नाही.

पहिली अडचण अनिश्चिततेची आहे. दिवसा एकदोनदा झोपणारे लोक एकूण सहभागींच्या सुमारे १९ टक्के, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास होते, आणि इतक्या लहान गटातील मोजक्या घटनांवरून काढलेला आकडा स्थिर नसतो. संशोधकांनी स्वतःच दिलेल्या या आकड्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा पाहिल्या तर धोक्यातील खरी घट ५ टक्क्यांपासून ७२ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. ‘निम्मा’ हा त्या विस्तीर्ण पट्ट्याच्या मधला एक बिंदू आहे. दुसरे असे की, हा सापेक्ष धोका आहे. सगळ्या सहभागींचा एकत्र विचार केला तर पाच वर्षांत शंभरांतील साधारण साडेचार जणांना त्रास झाला. त्याच्या निम्मे म्हणजे शंभरामागे दोनअडीच जणांचा फरक. तो क्षुल्लक नाही, परंतु ‘धोका निम्म्यावर’ हे शब्द ऐकून मनात जे चित्र उभे राहते त्यापेक्षा तो पुष्कळच लहान आहे.

खरी शंका मात्र पुढच्या निष्कर्षामुळे येते, आणि संदेशातून नेमका तोच गाळला जातो. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, तसेच सहासात वेळा झोपणाऱ्यांमध्ये कोणताही लाभ दिसला नाही, आणि झोप किती वेळाची होती याचाही धोक्याशी संबंध आढळला नाही. झोप हे हृदयाचे औषध असते, तर दोन मात्रा गुणकारी आणि चार मात्रा निरुपयोगी ठरण्याचे कारण काय असावे? जवळजवळ रोज झोपणाऱ्यांचा धोका तर सुरुवातीच्या हिशेबात अधिकच दिसत होता. हे लोक वयाने मोठे, वजनाने जास्त, धूम्रपान करणारे आणि झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असणारे अधिक होते, आणि या बाबी लक्षात घेतल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे दुपारी कोण झोपतो यावरून त्या माणसाच्या प्रकृतीबद्दल आणि दिनक्रमाबद्दल बरेच काही कळते. आठवड्यातून एखाददुसऱ्या दुपारी निवांत पडता येणारा माणूस कदाचित असा असेल की ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात आहे. हा माझा तर्क आहे, पण अशा निरीक्षणात्मक, म्हणजे लोक आपणहून जे करतात त्याची नुसती नोंद ठेवणाऱ्या, अभ्यासातून तो खोडून काढता येत नाही, आणि जोवर तो खोडता येत नाही तोवर श्रेय झोपेला देता येत नाही.

या दाव्याच्या समर्थनार्थ ग्रीसचाही दाखला दिला जातो, आणि तो लोझानपेक्षा वजनदार आहे हे मान्य केले पाहिजे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३,६८१ निरोगी ग्रीक स्त्रीपुरुषांचा सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. आठवड्यातून किमान तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास तरी झोपणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि नोकरीधंदा करणाऱ्या पुरुषांत हा संबंध अधिक ठळक होता. गंमत अशी की, हे दोन्ही अभ्यास एकाच संदेशात शेजारी शेजारी दिले जातात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही : ग्रीसमध्ये लाभ नियमित झोपणाऱ्यांना, तर लोझानमध्ये केवळ अधूनमधून झोपणाऱ्यांना. शिवाय ग्रीसमधील तेवीस हजारांहून अधिक लोकांत असे मृत्यू एकूण १३३ होते, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये तर ते इतके थोडे होते की त्यांच्याविषयी काही निष्कर्षच काढता आला नाही. जेरुसलेममधील सत्तरीच्या रहिवाशांच्या १९९९ मधील अभ्यासात याच्या उलट, दुपारी झोपणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते. त्याचा संदेश मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

रक्तदाबाच्या गोळीची तुलना २०१९ मध्येच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलेल्या एका ग्रीक अभ्यासातून निघाली. अथेन्सजवळच्या व्हूला येथील रुग्णालयातील २१२ रुग्णांना चोवीस तास रक्तदाब मोजणारे यंत्र लावले असता, दुपारी झोपणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरीने ५.३ मिलिमीटर कमी भरला. सौम्य मात्रेच्या गोळीनेही साधारण इतकीच घट होते, ही तुलना संशोधकांनी स्वतः केली होती. परंतु झोपेत रक्तदाब उतरतो हे शरीराचे साधे कार्य आहे. चोवीस तासांपैकी तासभर अधिक झोप झाली की सरासरी थोडी खाली येणारच, आणि उठल्यावर रक्तदाब पुन्हा चढतो. गोळीचे मोल तिने वर्षानुवर्षे पक्षाघात आणि झटके टाळल्याच्या पुराव्यावर ठरले आहे, आणि तो पुरावा कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून केलेल्या चाचण्यांतून मिळालेला आहे. दुपारच्या झोपेपाशी तसा पुरावा नाही. हा संदेश वाचून कोणी गोळी बंद केली, तर त्याचे नुकसान प्रत्यक्ष होईल.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही पाहू. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पातील सुमारे ३ लाख ५८ हजार लोकांच्या माहितीवरून चिनी संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, नेहमी दिवसा झोपणाऱ्यांमध्ये कधीही न झोपणाऱ्यांच्या तुलनेत उच्च रक्तदाब होण्याचा धोका १२ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका २४ टक्क्यांनी जास्त होता. त्यांनी जनुकीय माहितीचाही आधार घेतला. दिवसा झोपण्याकडे कल निर्माण करणारी जनुकीय वैशिष्ट्ये जन्मतःच ठरलेली असल्यामुळे नंतरच्या आजारपणाचा किंवा सवयींचा त्यांवर परिणाम होत नाही. म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ओळखायला ही पद्धत काहीशी उपयोगी पडते, आणि तिचा कौलही रक्तदाब वाढण्याच्याच बाजूने गेला. तथापि, या प्रकल्पात लोकांना झोप किती वेळाची असते हे विचारलेलेच नव्हते, आणि सहभागी बहुतांशी युरोपीय वंशाचे होते, हेही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलेल्या, तीन लाखांहून अधिक लोकांवरील वीसेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, तासाहून अधिक झोपणाऱ्यांमध्ये हृदयरक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३४ टक्क्यांनी अधिक आढळला. याही आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही : जो आक्षेप लाभ दाखवणाऱ्या अभ्यासांवर घेतला, तोच हानी दाखवणाऱ्यांवरही लागू होतो. आजारी माणूस जास्त झोपतो, आणि पुढे त्याच्या आजाराचा दोष झोपेच्या माथी येतो.

रात्रीची झोप दुपारी भरून काढण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत झोपेचा समावेश केला, तो प्रौढांसाठी रात्रीच्या सात ते नऊ तासांचा. दुपारी वीस मिनिटे डोळा लागला तर हुशारी वाटते, आणि रात्रपाळीपूर्वी घेतलेली झोप कामावरचे अपघात टाळण्यासाठी उपयुक्तही ठरते. परंतु दुपारी दीडदोन तास झोपणाऱ्याला रात्री वेळेवर झोप येत नाही, आणि मग दुसऱ्या दुपारची गरज आपोआप तयार होते.

पूर्वजांचा हवाला तर या दाव्याला सर्वांत कमी मदत करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसाची झोप ग्रीष्म ऋतू वगळता सामान्यतः निषिद्ध सांगितली आहे. बालक, वृद्ध, दुर्बल, आजारी, तसेच श्रमाने किंवा प्रवासाने थकलेल्या माणसाला सवलत आहे, आणि स्थूल माणसाला व नित्य स्निग्ध आहार करणाऱ्याला ती स्पष्टपणे नाकारली आहे. भरपेट पुरणपोळीनंतर हा संदेश नातेवाइकांना पाठवणारे आपल्यापैकी बरेचजण नेमके याच शेवटच्या वर्गात मोडतात. वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर थोडा वेळ डाव्या कुशीवर आडवे होण्याची रीत. पडदे ओढून चहाच्या वेळेपर्यंत घेतलेली झोप तिच्यात बसत नाही.

ज्याला दुपारी थोडी झोप आवडते त्याने ती जरूर घ्यावी. तिने हृदय बिघडते असेही कोणी सिद्ध केलेले नाही. लक्ष द्यायचे ते वेगळ्या ठिकाणी. पूर्वी न झोपणाऱ्या माणसाला चाळिशी-पन्नाशीनंतर दुपारी बसल्या जागी अनावर झोप येऊ लागली, तर रक्तशर्करा, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि चालू असलेली औषधे एकदा तपासून घ्यावीत, आणि झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची, शक्यता विशेषतः विचारात घ्यावी. या विकारात रात्रभर श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब चढत राहतो आणि दिवसा डोळे मिटू लागतात. निदान झाल्यास झोपताना नाकातोंडावर लावायच्या हवेच्या दाबाच्या यंत्राने त्यावर उपचार करता येतो. डॉक्टरांकडे जाताना जोडीदाराला किंवा त्याच खोलीत झोपणाऱ्या कोणालातरी बरोबर न्यावे, कारण घोरणे मध्येच थांबून श्वास काही क्षण बंद पडतो की नाही, हे झोपलेल्या माणसाला स्वतःला कधीच सांगता येत नाही.