फरक स्पष्ट करा

सव्वीस वर्षं अमळनेरात विज्ञान शिकवतोय आणि 'फरक स्पष्ट करा' हा माझा लाडका प्रश्न. धातू आणि अधातू, वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी. मधे उभी रेघ मारायची, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार. पोरं डावीकडे 'असते' लिहितात, उजवीकडे 'नसते', आणि तेवढ्यावर पाचपैकी तीन मार्क मागतात. या प्रश्नाचं पाप कधीतरी फेडावं लागेल असं वाटत होतंच. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते फेडलं.

चिरंजीव इंजिनिअरिंगला. म्हणाला, "पप्पा, अभ्यासासाठी ग्राफिक्स कार्ड लागेल. ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेल करायचीत." 'अभ्यासासाठी' हा शब्द कानावर पडला की आमच्या घरात कुणी वाद घालत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं काढणारा भाग. दोन कार्डं त्याने निवडून ठेवली होती: एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. दोघांत चार-पाच हजारांचा फरक. "तुम्हीच ठरवा," असं तो म्हणाला खरा, पण बोट चार हजार साठवर होतं.

आमचं गाव या विषयात अगदीच अडाणी आहे असं नाही. विप्रो कंपनी १९४५ साली इथेच सुरू झाली, वनस्पती तूप करायला. कंपनी पुढे तुपावरून संगणकावर गेली. मी तुपावरच राहिलो.

तरी म्हटलं, बघू. घटक चाचणीचा एक कोरा पेपर घेतला, मधे रेघ मारली.

पहिल्याच मुद्द्याला अडलो. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यात मेमरी १२ जीबी. ४०६० आलं जून २०२३ मध्ये, त्यात ८. माय पलंगावर बसून लसूण सोलत होती, तिचं सगळं लक्ष आमच्याकडे. बाजारात वांगी घेताना ती वांग्यालासुद्धा आवाज चढवते. म्हणाली, "जुनामा बारा, नवामा आठ. मंग पैसा कसाना जास्ती?"

याचं उत्तर मला आलं नाही. चिरंजीवांना आलं, पण त्यांना अर्धा तास लागला.

तर त्या अर्ध्या तासाचं सार असं. जुन्यात काम करणारे कोअर ३५८४, नव्यात ३०७२. म्हणजे मजूरही कमीच! पण नव्याचा वेग २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, जुन्याचा १.७८. हे मला लगेच पटलं, कारण कापूस वेचणीला आलेल्या चार बाया कधी कधी सहा जणींचं काम करून जातात आणि सहा जणींची गॅंग बांधावर पान लावत बसते. पुढे मेमरीचा रस्ता: जुन्याचा १९२ बिट, नव्याचा १२८. सेकंदाला जुन्यावरून ३६० जीबी माल जातो, नव्यावरून २७२. रस्ता अरुंद करून भाव वाढवलेला मी आजवर फक्त टोलनाक्यावर पाहिला होता.

"पण पप्पा, नव्यात एलटू कॅश २४ एमबी आहे. जुन्यात फक्त ३."

"कॅश जास्त आहे?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. तिला बाजूला घेऊन समजावलं. ही कॅश म्हणजे मिसळणाचा डबा. हाताशी डबा मोठा असला की दर फोडणीला कोठीच्या खोलीत जावं लागत नाही, म्हणून कोठीची वाट अरुंद असली तरी भागतं. ती म्हणाली, मग डबाच घ्या, कोठी कशाला घेता. आमच्या घरात तंत्रज्ञान याच वेगाने पुढे जातं.

विजेच्या मुद्द्यावर मात्र मी खुर्चीवर सरसावून बसलो, तो माझा विषय. जुनं १७० वॅट, नवं ११५. फरक ५५ वॅटचा, म्हणजे घरातला पाऊण पंखा. रोज सहा तास चालवलं तर महिन्याला दहा युनिट. आणि कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते, ती काही जळगावला जात नाही. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर, पत्र्याच्या खोलीत १७० वॅटची शेगडी पेटवायला कोण हो म्हणेल? इथवर ४०६० जिंकत होतं. चिरंजीवांनी मला स्वतःहून चहा आणून दिला.

त्या चहानेच घात केला. खुशीत येऊन तो म्हणाला, "आणि खरी गंमत म्हणजे फ्रेम जनरेशन. ते ३०६० मध्ये नाहीच."

म्हणजे काय?

तर पडद्यावर एकामागोमाग चित्रं येतात. कार्ड एक चित्र खरं काढतं, त्याच्या पुढचं खरं काढतं, आणि दोघांच्या मधलं एक अंदाजाने बनवून घुसवतं. बघणाऱ्याला वाटतं, काय भराभर चाललंय!

मी चष्मा काढला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रकार मी हजारदा पकडलाय. लंबकाच्या प्रयोगाची पहिली आणि शेवटची निरीक्षणं प्रयोगशाळेत घ्यायची, मधली घरी बसून भरायची. आलेख एकदम गुळगुळीत येतो. आम्ही त्याचे मार्क कापतो, आणि ही कंपनी त्याच कामाचे चार-पाच हजार जास्त घेते.

"आणि हे ब्लेंडरमध्ये चालतं?"

चिरंजीव गप्प.

"मग कशात चालतं?"

"...गेममध्ये."

लसूण सोलायचा थांबला.

त्याने बाजू सावरायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. रेंडरिंगही, म्हणजे मॉडेलचं पक्कं चित्र काढणंही, ४०६० वर जास्त वेगाने होतं, म्हणाला. ते खरंही होतं. पण सीन आठ जीबीत मावला तर. मोठं मॉडेल, जड टेक्श्चर आलं की आठची पिशवी फाटते आणि बारा कामाला येतात. हे सगळं त्यानेच आठवडाभर मला शिकवलं होतं. अभ्यास हा शब्दही त्याचाच. स्वतःच्या उत्तरपत्रिकेत तो असा अडकला की ३०६० ला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. मी त्याला पाचपैकी साडेतीन दिले. अर्धा मार्क चहाचा.

रविवारी पॅसेंजरने जळगाव, गोलाणी मार्केट. दुकानदाराने आमची तीन पानी तुलना हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "सर, एसएमपीएस किती वॅटचा आहे?" एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. तो होता जुना, साडेचारशेचा, आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याला नव्हतीच. दोन्हींपैकी कुठलंही कार्ड घेतलं असतं तरी साडेपाचशेचा नवा घ्यावाच लागला असता. तीन पानांच्या त्या तुलनेत हा मुद्दाच नव्हता. दोन कार्डांतला फरक काढताना त्यांच्यातलं साम्य कुणी पाहिलंच नाही. कार्डात वाचलेले चार-पाच हजार एसएमपीएसने जागेवरच गिळले आणि आम्ही स्टेशनबाहेर शेवभाजी न खाताच परत निघालो.

घरी आल्यावर मायने कार्ड हातावर तोलून पाहिलं. वजन भरलं, म्हणून पसंत पडलं.

अभ्यास सुरू झाला. रात्री साडेअकराला अभ्यासातून बंदुकीचे आवाज येतात, पण मॉडेलचं टेस्टिंग असंच असतं म्हणे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर जुना, सहाशे व्हीएचा. त्यावर कॉम्प्युटर आणि तीन पंखे एकदम ठेवले की तो टीं टीं करून बसतो. म्हणून चिरंजीवांनी हळूच जाऊन एक बटण खाली केलं.

पाच मिनिटांत माय पदराने वारा घेत त्याच्या खोलीच्या दारात उभी. आत कॅबिनेटच्या काचेतून निळ्या उजेडात कार्डाचे दोन्ही पंखे भिंगरीसारखे फिरत होते. तिने ते मन लावून पाहिले, मग माझ्याकडे वळली.

"याले दोन दोन पंखा, अन माले एक बी नही?"

मी मुकाट्याने जाऊन माझा पंखा बंद केला आणि तिचा लावला.