आधी कामाचा परवाना द्या

निर्वासितांची बातमी आली की आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, बिचाऱ्यांना काहीतरी मदत करा. दुसरा म्हणतो, आपल्याच लोकांचं भागेना, यांना कुठे पोसत बसायचं. दोघांनीही मनात एक गोष्ट पक्की धरलेली असते, ती म्हणजे हा पोसायचा माणूस आहे. माझा वाद आहे तो इथेच. जीव वाचवून आलेल्या माणसाला पहिले काही महिने अन्न, औषध आणि डोक्यावर छप्पर द्यावंच लागतं, त्यात दुमत नाही. पण त्यानंतरही तो वर्षानुवर्षं शिध्यावरच जगत असेल, तर बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं. त्याला उघडपणे काम करायची मुभा आपण दिलेली नसते.

माझं आजोळ अर्जुनी मोरगावचं. आता गोंदिया जिल्हा, लहानपणी भंडारा. तिथून जवळच, इटियाडोह धरणाच्या भागात, गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. महाराष्ट्रात तिबेटी गाव आहे हे विदर्भाबाहेर सांगितलं की लोक अजूनही दोनदा विचारतात. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ८० हजार माणसं हिमालय उतरली. याक-मेंढ्या पाळणारी, थंड पठारावरची माणसं. त्यातल्या अनेकांनी सुरुवातीची वर्षं डोंगरात रस्ते बांधायच्या कामावर काढली. मग त्यांना वेगवेगळ्या राज्यांत जमिनी दिल्या गेल्या. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बायलाकुप्पेला, आताच्या छत्तीसगडात मैनपाटला, ओडिशात, आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातही. ज्यांनी आयुष्यात धान पाहिलं नव्हतं ती माणसं बांधीत उतरून रोवणी करायला लागली.

पण नुसत्या धानावर घर वर्षभर चालत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तिबेटी घरं चालली ती स्वेटरांवर.

दिवाळी सरली की नागपूर, पुणे, मुंबई आणि देशभरातल्या किती शहरांत त्यांची दुकानं लागतात, ते आपण सगळेच बघतो. बांबू, ताडपत्री, वर टांगलेली जॅकेटं, खाली घड्या घातलेल्या शाली, कानटोप्या, मोजे. ‘एकच भाव’ अशी पाटी. मी ज्या आजींकडून दरवर्षी खरेदी करते त्यांना एकदा दुपारच्या निवांत वेळेला हिशेब विचारला. त्यांनी गल्ल्याखालची वही काढून दाखवली. मजकूर तिबेटी अक्षरांत, मधेमधे लुधियानाच्या व्यापाऱ्याच्या पावत्या टाचलेल्या. माल ऑक्टोबरात उचलायचा, थोडे पैसे आधी, बाकी सगळं उधारीवर. जानेवारी-फेब्रुवारीत दुकान गुंडाळलं की हिशेब चुकता करायचा. आधी त्यांच्या आईचं तिथे खातं होतं, आता यांचं आहे. जागा कुणाला कुठली मिळणार ते त्यांच्या संघटनेत चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे कोपऱ्याचं दुकान दरवर्षी एकालाच जात नाही. एवढ्या लाखांच्या मालापोटी गहाण काय ठेवता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘कुछ नहीं बेटी. पिछले साल का पैसा पूरा दिया था ना, वही गिरवी है.’

त्या वहीत मला एक अख्खी आर्थिक व्यवस्था दिसते. पंजाबातला हिंदू-शीख व्यापारी आणि तिबेटी निर्वासित बाई यांच्यात कायदेशीर करार नाही, पण दोन पिढ्यांची पत आहे. व्यापाऱ्याला देशभर पोचणारे विक्रेते मिळाले. आपल्याला परवडणारे गरम कपडे मिळाले. आजींची दोन्ही नातवंडं शिकताहेत. यात सरकारचं काय गेलं? तीन-चार महिन्यांसाठी एक मोकळं मैदान आणि दरवेळी नूतनीकरण करायचं एक नोंदणी प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रामुळे माणूस शहरात उघडपणे दुकान मांडू शकला. ते नसतं तर याच आजी कुणाच्या तरी गोदामात अंधारात, निम्म्या मजुरीवर मोजे मोजत बसल्या असत्या.

चित्र सगळंच गोड आहे असं मला म्हणायचं नाही. एखाद्या वर्षी थंडी पडलीच नाही की माल अंगावर राहतो. ऑनलाइन खरेदीने गिऱ्हाईक तोडलंय. कोरोनाच्या वर्षी तर कित्येक दुकानं लागलीच नाहीत. आणि मूळ दुखणं जुनंच आहे. वसाहतीची जमीन माणसाच्या स्वतःच्या नावावर नाही, त्यामुळे ती तारण ठेवून बँकेचं कर्ज काढता येत नाही. भाडेपट्टा, व्यापाराचे परवाने, सरकारी योजनांचा लाभ हे सगळं एका धोरणात लिहून यायला २०१४ साल उजाडलं. १९५९ ते २०१४, पंचावन्न वर्षं. एवढ्या काळात ज्यांना जमलं ती पोरं बंगळूर-दिल्लीला किंवा थेट परदेशात गेली, आणि वसाहतींमध्ये म्हातारी माणसं उरत चालली. परवाना अर्धवट दिला की त्याचा परिणामही अर्धवटच येतो.

आता ‘आपल्या लोकांचं काय’ या प्रश्नाकडे येते, कारण खाली कमेंटमध्ये तो येणारच आहे आणि तो रास्त आहे. कर्नाटकात मायराडा नावाची संस्था आहे. ती १९६८ साली स्थापन झाली ती तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी. जंगल साफ करून शेतं काढणं, सहकारी संस्था उभ्या करणं, हे काम त्यांनी वसाहतींमध्ये केलं. पुढे ते काम मार्गी लागल्यावर संस्था आसपासच्या गरीब गावांकडे वळली. ऐंशीच्या दशकात तिथे मोठ्या सहकारी सोसायट्या मोडल्या, तेव्हा एकमेकींवर विश्वास असलेल्या पंधरा-वीस जणींचे छोटे गट आपापली बचत घेऊन पुढे आले. मायराडाने त्यांना बळ दिलं, नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने पैसा दिला, आणि १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायचा कार्यक्रम सुरू केला. आज आपल्या गावागावांत बायका दर महिन्याला ज्या बचत गटाच्या बैठकीला बसतात, त्याच्या मुळांपैकी एक मूळ असं निर्वासितांच्या वसाहतीत जाऊन पोचतं. परक्या माणसाला उभं करताना संस्था जे शिकली, ते तिने शेजारच्या गावाला दिलं. म्हणून ‘ते की आपण’ अशी मांडणीच मला चुकीची वाटते.

उल्हासनगरचं उदाहरण तर आपल्या घरातलं. फाळणीत सिंधची वाटणी झाली नाही, आख्खा सिंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना जाऊन वसायला स्वतःचं असं राज्यच उरलं नाही. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीच्या बराकींत लाखभर माणसं आणून ठेवली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. त्या लोकांनी लोकलमध्ये गोळ्या विकल्या, घरोघरी पापड लाटले, कापडाचे तागे खांद्यावर घेऊन दारोदार फिरले. कमी नफा घेऊन भरपूर माल विकायची त्यांची रीत स्थानिक दुकानदारांना झोंबली, भांडणंही झाली. हे सगळं खरं. पण त्यांना १९४८ चा पुनर्वसन वित्त कायदा मिळाला, त्यातून धंद्यासाठी कर्ज मिळायची सोय झाली आणि नंतर सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचाही कायदा झाला. मुख्य म्हणजे राज्यघटनेनेच त्यांना नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली. कुठेही दुकान टाकायला, कारखान्यात लागायला, नगरपालिकेची निवडणूक लढवायला त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. सिंधी माणूस मुळातच धंदेवाईक, म्हणून वर आला, असं आपण सहज म्हणतो. मला ते अर्धसत्य वाटतं. धंद्याचं अंग असलेली माणसं दरवाजा बंद असला की तिथेच खितपत पडतात.

बंद दरवाजा बघायचा असेल तर तामिळनाडूत बघा. १९८३ च्या श्रीलंकेतल्या दंगलींनंतर तमिळ निर्वासित यायला लागले. आज चाळीस वर्षं झाली, पन्नास हजारांहून जास्त माणसं अजूनही शंभरावर शिबिरांत राहतात. दरमहा काही रक्कम आणि रेशन मिळतं. तमिळनाडू सरकारने त्यांच्या शाळा-कॉलेजची सोय केली, तेही चांगलं काम आहे, आणि निर्वासितांनीच १९८४ साली उभारलेल्या ‘ऑफर’ या संस्थेने शिक्षणावर फार जोर दिला. म्हणून पोरं शिकली, काही इंजिनिअर झाली. आणि नागरिकत्वाचा कागद नाही म्हणून त्यातली कितीतरी आज रंगकाम करतात, रोजंदारीवर जातात. तिथली भाषा त्यांची, पदवी तिथल्याच कॉलेजची, पोरं जन्मलीही तिथेच. तरी नोकरीचा अर्ज कागदाशी येऊन अडतो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. इतका खर्च करून शिकवलेल्या माणसाच्या हातात ब्रश देऊन वर त्याला महिन्याची मदत द्यायची, यात कुणाचंच भलं नाही.

दिल्लीतल्या अफगाण, म्यानमारच्या चिन आणि रोहिंग्या कुटुंबांची स्थिती याहून वाईट. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही आणि आपला स्वतःचा निर्वासितांचा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड हातात असतं, पण ते कामाचा परवाना नव्हे. आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी रोखीत, रोखीत म्हणून मालकाने बुडवली तर तक्रार कुठे करायची? आणि लक्षात घ्या, असा लपून काम करणारा मजूर शेजारच्या भारतीय मजुराचीही मजुरी पाडतो. स्थानिक कामगाराच्या पोटावर पाय येऊ द्यायचा नसेल, तर निर्वासिताला किमान वेतनाच्या कायद्याखाली आणणं हाच उपाय आहे. परवान्याला विरोध करणाऱ्यांनी याचा तरी विचार करावा.

आपल्याहून गरीब देशांनी हे करून पाहिलंय. युगांडात २००६ चा कायदा निर्वासिताला काम करायचा आणि कुठेही फिरायचा हक्क देतो, वस्त्यांमध्ये कसायला जमिनीचा तुकडाही देतात. आज तिथे पंधरा लाखांहून जास्त निर्वासित आहेत, तुकडे लहान होत चाललेत, बाहेरून येणारी मदत आटतेय, अडचणी खूप आहेत. तरीही माणसाला तारेच्या कुंपणात बसवून ठेवायचं नाही, हा निर्णय त्यांनी बदललेला नाही.

आपल्याकडे कायदा कधी येईल? शशी थरूर यांनी २०१५ आणि २०२२ साली आश्रयाविषयीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, ते पुढे सरकलं नाही. कायदा हवाच, पण तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. तिबेटींसाठी २०१४ चं धोरण संसदेतून आलेलं नव्हतं, सरकारने निर्णय घेऊन ते केलं. तसाच निर्णय इतरांसाठी घेता येतो. सुरुवात तामिळनाडूतल्या शिबिरांपासून करा. ज्याची नोंदणी आहे त्याला त्याच्या नावाचा, तारीख घातलेला कामाचा परवाना द्या. त्याच परवान्यावर बँकेत खातं आणि लहान कर्ज मिळेल अशी सूचना बँकांना पाठवा. आणि ज्या पोराकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे त्याला निदान खासगी कंपनीत मुलाखतीला तरी बसू द्या.