गोदाकाठची हवा आणि तेलरंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मी नवशिक्यांना तेलरंगात गोदाकाठ काढायला शिकवतो, त्यावर "मराठवाड्यात नदीवर धुकं कुठलं? उन्हाळाभर पात्रात नुसती वाळू. लंडनच्या थेम्स आणि पॅरिसच्या सेन नदीची चित्रं दाखवून तुम्ही नवशिक्यांकडून खोटी गोदावरी काढून घेताय, तीही महागड्या तेलरंगात," असं तुम्ही लिहिलंत. खोटी नदी काढू नये, हे मलाही मान्य आहे. पण चित्रातलं वातावरण म्हणजे फक्त धुकं, हे मला पटत नाही. आपण आणि पलीकडचा काठ यांच्यामध्ये जी हवा असते, ती रंगवायची असते. ती आपल्याकडे भरपूर आहे आणि महिन्यागणिक बदलते.

मे महिन्यात सूर्य कलताना गंगाखेडच्या घाटावरून पश्चिमेकडे पाहा. लांबची झाडं निळी दिसत नाहीत. धुळीचे कण जाड असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, त्यामुळे दूरचं सगळं पांढरट-पिवळसर होतं. ऑक्टोबरात, पावसानं हवा धुऊन निघाल्यावर, तोच काठ स्वच्छ आणि निळसर दिसतो. ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात तेव्हा तर एकच धूर दोन रंगांचा दिसतो : गर्द झाडीसमोर निळसर, उजळ आकाशासमोर तपकिरी. हिवाळ्यात पहाटे पैठणच्या नाथसागर जलाशयावर खरीखुरी वाफही उठते, कारण तेव्हा हवेपेक्षा पाणी उबदार असतं.

तेलरंगाचा आग्रह मी याचसाठी धरतो. वाळलेल्या गडद थरावर पांढऱ्याचा पातळ, अर्धपारदर्शक हात फिरवला की तो निळसर दिसतो. झाडीसमोरच्या धुरात घडतं तेच इथे कॅनव्हासवर घडतं. म्हणून ऑक्टोबरचा काठ काढताना गडद हिरव्यावर नुसता पातळ पांढरा पुरतो. मे महिन्याचा काठ काढायचा तर त्याच पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालावा लागतो, नाहीतर न मागता निळा डोकावतो आणि मग ती खरोखरच परक्या मुलखातली नदी वाटते. तुमचा आक्षेप अशा चित्रांवर असेल, तर तो अगदी रास्त आहे. काळा-पांढरा मिसळून केलेला करडाही मला नको वाटतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएनातून निघणारा करडा हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो.

जलरंग स्वस्त आणि सुंदर, यात वाद नाही. पण आपल्या चाळिशीपारच्या उन्हात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, पसरायच्या आत वाळतो. तेलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे आकाश आणि काठ यांच्यामधली कड कोरड्या मऊ ब्रशनं निवांत पुसट करता येते, आणि नवशिक्याला नेमका हाच वेळ हवा असतो. खर्चाचं म्हणाल तर पाच ट्यूब आणि प्राइमर (रंगाखालचं अस्तर) लावलेला जाड कागद सुरुवातीला पुरे.

राहिले थेम्स आणि सेन. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1899 ते 1901 या काळात लंडनला जाऊन थेम्स रंगवली, तेव्हाच्या तिथल्या धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला असायचा. त्याने समोरची हवा पाहिली आणि तीच काढली. मी मुलांना ती चित्रं दाखवतो ते हे पाहणं शिकावं म्हणून. त्याचा जांभळा उचलू नका, हेही मी त्यांना बजावतो.

आणि कोरडं पात्र. ते तर जरूर काढावं. वाळूत उरलेल्या डोहात आकाशाचा तुकडा पडतो, मात्र तो वरच्या आकाशापेक्षा जरा गडद ठेवायचा. आसपासची वाळू पुढे उबदार आणि खरखरीत, मागे फिकट आणि सपाट होत गेली, की पाणी नसतानाही पात्राची रुंदी कळते. तुमच्या गावाजवळ असा डोह असेल तर कुठे आहे ते कळवा. विद्यार्थ्यांना घेऊन येईन आणि तुमच्यासमोरच काढू.