गोव्यातली घरं एका पिढीत फिरंगी झाली नव्हती

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : पोर्तुगीजांनी बाटवल्यावर गोव्यातल्या कुटुंबांनी एका पिढीत भाषा, पेहराव, जेवण सगळं टाकून दिलं, सतराव्या शतकात त्यांच्या घरात शिरलात तर लिस्बनला आल्यासारखं वाटलं असतं. हे चूक आहे, आणि त्या घरांतल्या बायकांवर अन्याय करणारंही आहे.

आधी ‘गोवा’ केवढा ते बघू. सतराव्या शतकात पोर्तुगीजांचा अंमल मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीवर होता. फोंडा त्यांच्याकडे कायमचा गेला तो अठराव्या शतकात. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा म्हणून तर जुवारी नदीपलीकडे, फोंड्यात नेता आली. देव पलीकडे, माणसं अलीकडे.

भाषेचं म्हणाल तर, १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला. इन्क्विझिशन, म्हणजे बाटलेले लोक जुने रिवाज पाळतात का हे तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात आलं १५६० साली. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही चुलीपाशी कोंकणीच चालू होती, नाहीतर हुकूम कशाला लागला असता? त्याआधी १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सने सासष्टीतल्या रायतूरला बायबलची कथा सांगणारं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही मराठी ओव्यांत. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना त्याच चालीत काहीतरी हवं होतं. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापावं लागलं.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा १७३६ सालचा इन्क्विझिशनचा जाहीरनामा आहे. मनाई कशाकशाला, ते नीट वाचा. अंगणात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, पानसुपारी द्यायची नाही, नवरा-नवरीला हळद, खोबरेल, तांदळाचं पीठ लावायचं नाही. बाळाच्या सहाव्या रात्री जागायचं नाही. आणि भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही!

इथे मी दर वेळी थांबते. भाताच्या मडक्यात मीठ आधी पडतं की नंतर, हे बघायला अधिकारी थेट चुलीशी आले होते. लोक करत नसतात त्या गोष्टीवर कोणी बंदी घालत नाही. इन्क्विझिशनच्या १७६ वर्षांनंतर ही यादी करावी लागली, म्हणजे मधलं अख्खं सतरावं शतक आयांनी लेकींना आणि सासवांनी सुनांना हे सगळं शिकवलं, पकडले गेलो तर काय होईल हे ठाऊक असून.

उलटा ओघही होता. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने लिहून ठेवलंय की पोर्तुगीज घरांतल्या बायका भात हाताने खात, चमच्याने खाणाऱ्याला हसत, दिवसभर पान चघळत, रोज अंघोळ करत आणि पाणी भांड्याला ओठ न लावता वरून पीत. नवखा माणूस वरून पिताना अंगावर सांडून घेई. लिस्बन ते हेच का?

बळजबरी झाली हे मात्र त्या मजकुरात खरं आहे, आणि ते कमी करून सांगायचं मला कारण नाही. देवळं पाडली गेली, १५५९च्या हुकुमाने पोरकी हिंदू मुलं बाप्तिस्म्यासाठी उचलली गेली. पाव, अननस, काजू, मिरची आली. पुढे लुगड्याच्या जागी झगाही आला. बदल झालाच. पण तो दोन-तीनशे वर्षं, एकेक गोष्टीवर झगडत झाला.

आजही गोव्यात ख्रिस्ती लग्नाच्या आधी रोस नावाचा विधी असतो. नवरीला पाटावर बसवतात, घरातल्या बायका एकेक करून पुढे येतात, नारळाचा रस आणि खोबरेल तिच्या डोक्यावर-अंगावर चोळतात आणि कोंकणीत झोती, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात.