स्टोइक म्हणजे हार मानणं? एका प्रतिक्रियेला उत्तर

स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधले तत्त्वज्ञ, काय आपल्या हातात आहे आणि काय नाही हे आधी ओळखा असं सांगणारे. त्यांच्यावर मी लिहिलं त्यावरची तुमची कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की एमपीएससीचे तीन अटेम्प्ट गेलेल्या पोराला 'निकाल तुझ्या हातात नाही' सांगणं म्हणजे हार मानायला शिकवणं, शिवाय हे सगळं गीतेत आधीच आहे, आणि सेनेकासारखा गडगंज रोमन स्टोइकच गरिबीवर पत्रं लिहीत बसू शकतो.

गीतेत आहे, आहेच की, दोन ठिकाणी सापडलं म्हणून खोटं कसं ठरेल? सेनेकाबद्दल वाद घालत नाही, पैसा प्रचंड होता. पण मी ज्याच्या जोरावर लिहिलं तो स्टोइक एपिक्टेटस जन्माने गुलाम, पायाने अधू, आणि रोमन सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढणारा. ह्याला पोट भरलेला म्हणणं अवघड आहे बुवा.

आणि तो 'सोडून दे' म्हणतच नाही. त्याच्या शिष्याने, एरियनने, त्याची शिकवण लिहून ठेवली त्यात ऑलिंपिकबद्दल एक उतारा आहे. ऑलिंपिक जिंकायचंय? मग आधी बघ काय काय करावं लागेल, खाणं ठरलेलं, गोड बंद, ऊन असो थंडी असो ठरल्या वेळी व्यायाम, थंड पाणी नाही, मनात येईल तेव्हा वाइन नाही, ट्रेनर सांगेल ते मुकाट्याने करायचं, मग मैदानात हात निखळेल, पाय मुरगळेल, तोंडात धूळ जाईल आणि एवढं करून हरशीलही. हे सगळं बघून इच्छा उरली तर उतर, नाहीतर लहान पोरं कशी आत्ता पैलवान, मग ग्लॅडिएटर, मग तुतारीवाला होऊन खेळतात तसं होईल, जीव ओतून एकही गोष्ट नाही.

'हरशीलही' हे तो आधीच सांगून टाकतो, मला हेच सगळ्यात आवडतं. कारण माझ्या मते अपयशाला घाबरणारा माणूस अभ्यास सोडत नाही, तो अर्धवट करतो. टेस्ट सिरीज लावतो पण पेपर देत नाही, मेन्सची उत्तरं लिहितो पण कोणाला तपासायला देत नाही, म्हणजे यादीत नाव आलं नाही तर 'मी कुठे मनापासून केला होता' म्हणायची सोय राहते. स्टोइक ही सोयच काढून घेतात. ह्याला हार मानणं कसं म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

हातात नाही म्हणजे गप्प बसा, असंही नाही. राज्यसेवा मेन्स वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची, करायचं ठरलं तेव्हा २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि आयोगाने नवा पॅटर्न २०२५ पासून लावू असं जाहीर केलं. आयोग ऐकेल की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं, रस्त्यावर बसणं होतं, ते त्यांनी केलं. (पॅटर्न चांगला की वाईट ह्यात आत्ता शिरत नाही, मी वर्णनात्मकच्या बाजूचा आहे आणि त्यावर शिव्या खाऊन झाल्यात.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जीव ओतायचा तर प्लॅन बी ठेवायचा का? ठेवा की. स्टोइक पंथ सुरू करणाऱ्या झेनोचा शिष्य क्लिंथीस, आधीचा बॉक्सर, अथेन्सला आला तेव्हा म्हणे खिशात फक्त ४ द्राख्मा (तिथली नाणी), रात्री बागांसाठी पाणी ओढायचा आणि दिवसा शिकायचा, आणि झेनोनंतर शाळेचा प्रमुख तोच झाला. त्यामुळे जॉब करत अभ्यास करणाऱ्याला 'ह्याचं लक्षच नाही' म्हणणारे मला पटत नाहीत. फक्त किती वर्षं द्यायची ते फॉर्म भरायच्या आधी ठरवा आणि घरी सांगून ठेवा, निकालाच्या रात्री ठरवायला बसलात तर डोकं ठिकाणावर नसतं.